लोकसंगीतातले लोक फडात आहेत
अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह नोव्हेंबरात भरतो. भरावाच, छोट्या गावात मैफल टिकवणं सोपं नाही. पण बाकीचे लोकसंगीताचे कार्यक्रमही हिवाळ्यातच कशाला? तेव्हा बीड जिल्ह्यातली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडत असतात. गोंधळ, भारूड, आराध्यांची गाणी ज्यांच्या अंगणात वाढली, तेच फडात! आणि आपण शंभर खुर्च्यांच्या हॉलमध्ये 'अनप्लग्ड' ऐकून भारावतो. संबळ-तुणतुण्याला प्लग होता कधी?

कारखान्यांचा पट्टा पडून कोयते घरी परतले, की चैत्र-वैशाखात हंगाम ठेवा. देवळाच्या पारावर, माइकशिवाय. गोंधळ्याची बिदागी आधी ठरवा. शाल-नारळावर बोळवण नको. हे जमत नसेल, तर पोस्टरवरून 'लोक' तेवढं खोडा.