मिग ओझरचं, त्याचं मॉडेल परदेशी, आणि कस्टम्सच्या लेखी दोन्हीकडे बाहुली!

मंडळी, विषय वाचून काहीजण म्हणतील, "नाशिककर असून कांद्याचं बोलायचं सोडून प्लास्टिकच्या विमानांचं काय घेऊन बसलात?" कांद्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त जाणते आहेत. यावर कुणीच लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. स्केल मॉडेल किट म्हणजे डब्यात सुट्या भागांच्या प्लास्टिकच्या चौकटी. कटरने भाग कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, सिमेंट लावून जोडायचे. हे सिमेंट फेविकॉलसारखं चिकटवत नाही, प्लास्टिकच विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं. मग पुट्टी, प्रायमर, रंग आणि शेवटी पाण्यात भिजवून सोडायची चिन्हं. विमानांचं सगळ्यात रुळलेलं माप 1/72, म्हणजे खऱ्या विमानाच्या सहा फुटांना मॉडेलचा एक इंच. मिग-21 चे पंख टोकापासून टोकापर्यंत सव्वासात मीटरच्या आतले, ते या मापात जेमतेम दहा सेंटिमीटर होतात. एक विमान व्हायला महिना जातो, कधी दोन. उरलेली चौकटीची काडी मेणबत्तीवर धरून ताणली की केसासारखी तार निघते, तिची अँटेना करतात. हे सगळं आठ वर्षांच्या पोराने जमिनीवर घासत फिरवायचं खेळणं नाही, एवढं लक्षात घ्या. फिरवलंत तर पहिल्या मिनिटाला लँडिंग गियर मोडेल.

आता सरकारी बाजू. 2020 च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची बेसिक कस्टम्स ड्युटी 20 टक्क्यांवरून 60 वर नेली. 2023 मध्ये ती 70 झाली. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला. हे चुकीचं झालं असं मी म्हणत नाही. रस्त्यावर किलोवर विकल्यासारखी येणारी रंगीत खेळणी पोरं तोंडात घालत होती. 2019 मध्ये क्वालिटी कौन्सिलने आयात खेळण्यांची चाचणी केली, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश नमुने नापास झाले. त्याला वेसण घालायलाच हवी होती.

पण कस्टम्सच्या वर्गवारीत 9503 नावाचा एक खण आहे. त्यात तीनचाकी सायकली, बाहुल्या, कोडी आणि 'लहान मापातली मॉडेल' हे सगळं एकत्र आहे. गंमत अशी की 2006 पर्यंत जोडायच्या मॉडेल किटला आंतरराष्ट्रीय वर्गवारीत स्वतंत्र क्रमांक होता, 9503.20. 2007 मध्ये वर्गवारी सुटसुटीत करायच्या नादात तो गेला आणि सगळं एका पोत्यात भरलं. तरी पहिल्या सहा आकड्यांच्या पुढे प्रत्येक देशाला आपली उपविभागणी करता येते. म्हणजे हात बांधलेले नाहीत.

बीआयएसचं तर अजून मजेशीर. आदेशात खेळण्याची व्याख्याच 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी केलेली वस्तू अशी आहे. खेळण्यांच्या सुरक्षिततेचं आपलं मानक ज्या आयएसओ मानकावर बेतलंय, त्याच्या व्याप्तीतूनच अशी मॉडेल किट वगळली आहेत, ज्यांची तयार वस्तू मुख्यतः खेळण्यासाठी नसते. म्हणजे कागदावर शहाणपण आहे. पण ते काउंटरपर्यंत पोचत नाही. माझं एक पार्सल अडकलं होतं, तेव्हा कुरिअरवाल्याने फोन करून विचारलं, "साहेब, टॉय आहे ना? बीआयएस सर्टिफिकेट पाठवा." डब्यावर 14+ छापलंय म्हटलं, तर म्हणाला, "ते तुम्ही साहेबांना सांगा." साहेब कोण, कुठले, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तीन आठवड्यांनी डबा परत गेला.

कुणी म्हणेल, मग परदेशातल्या भाच्याला सांगा, भेट म्हणून पाठवेल. तीही वाट 2019 च्या डिसेंबरात बंद झाली. पोस्टाने-कुरिअरने भेट म्हणून माल सोडवायला मनाई आहे, अपवाद फक्त जीवरक्षक औषधं आणि राख्या. आता राखीला विमान बांधून मागवायचं का?

दुकानदाराचा हिशेब सोपा आहे. हजार रुपयांचा डबा (वाहतूक आणि विमा धरून, कारण ड्युटी त्या सगळ्यावर लागते) बंदरावरच सतराशेचा होतो. वर जीएसटी, वर त्याचा नफा. रंग आणि सिमेंट ज्वलनशील, ते विमानाने सहज येत नाहीत, म्हणून तेही महाग. कॉलेजातला पोरगा पहिला डबा घेतानाच मागे सरतो. मग हा छंद उरतो कोणाला? ज्यांची पोरं परदेशात आहेत आणि सुट्टीत बॅगेतून डबे आणतात, त्यांना. साठीच्या लोकांचा छंद झालाय हा.

नाशिककर म्हणून मला जास्त लागतं ते वेगळंच. आपल्या ओझरला एचएएलचा कारखाना 1964 मध्ये उभा राहिला तोच मिग-21 बनवायला. इंजिनं कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. सांगाडा आणि जुळणी आपल्याकडे. सहाशेहून अधिक मिग-21 भारतात बनली. सातपूर-अंबडच्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या वॉलवर फोटो होते. त्याच विमानाची उत्तम किटं कोण करतं? झेक प्रजासत्ताकातली एदुआर्ड आणि रशियातली झ्वेझ्दा. ज्याच्या वडिलांनी ओझरला रिव्हेट मारले, त्याला ते विमान टेबलावर बांधायचं असेल तर 70 टक्क्यांची बाहुली विकत घ्यायला लागते.

"मग इथे बनवा ना, ड्युटी त्यासाठीच आहे," हा युक्तिवाद मला मान्य आहे, अर्ध्यापर्यंत. साचे करणारे हात आपल्याकडे आहेत. अंबडच्या टूलरूममध्ये गाड्यांच्या डॅशबोर्डचे डाय होतात, त्यांना विमानाचा पंख अवघड नाही. पण पोलादी साचा महाग असतो आणि तो हजारो डबे खपले तरच फिटतो. हजारो डबे घेणारी माणसं कुठून येणार? ती लहानपणी कोणतं तरी किट जोडूनच तयार होतात. जपानच्या शिझुओकात हेच झालं. तामिया ही मुळात लाकडाची वखार. मग लाकडी मॉडेल केली, अमेरिकेची प्लास्टिकची किटं आल्यावर धंदा बसू लागला, तेव्हा 1960 मध्ये यामातो युद्धनौकेचं पहिलं प्लास्टिक किट काढलं. मॉडेल बांधणारं गिऱ्हाईक आधीपासून होतं, म्हणून ती उडी जमली. आपण गिऱ्हाईक तयार होण्याआधीच दार लावून घेतलंय. 70 टक्क्यांची भिंत उभी राहून आता काही वर्षं झाली, भिंतीआड मिगचा साचा पाडणारा कोणी मला तरी दिसलेला नाही.

आणि पोरांच्या बाजूनेही बघा. ड्रॉइंग वाचणं, क्रम पाळणं, अर्ध्या मिलिमीटरची फट दिसणं, सुकेपर्यंत हात न लावणं. आयटीआयच्या फिटरला पहिल्या वर्षी जे शिकवतात त्यातलं निम्मं यात येतं. ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकला बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए ने उड्डाण केलं. त्या लाइनवर पुढे माणसं लागणारच आहेत.

मागण्या दोनच आहेत. एक, 9503 मध्ये 14 वर्षांवरील जोडायच्या मॉडेल किटसाठी वेगळी ओळ करा आणि तिचा दर 2020 च्या आधीच्या 20 टक्क्यांवर आणा. दोन, 14+ किटला बीआयएस लागत नाही असं एका पानाचं परिपत्रक काढा आणि ते प्रत्येक पोस्ट-कुरिअर काउंटरवर लावा. यात सरकारचा महसूल बुडेल म्हणावं, तर आज विक्रीच होत नाही तिथे बुडणार काय?

बजेटआधी अर्थ मंत्रालय लोकांकडून सूचना मागवतं. मी मराठी आणि इंग्रजी मसुदा तयार केलाय. पाहिजे त्यांनी कमेंटमध्ये 'मिग' लिहा, पाठवतो. आणि सातपूर-अंबडच्या टूलरूमवाल्यांनो, 1/72 च्या एका साध्या साच्याला साधारण काय खर्च येईल, हे कुणी मनापासून हिशेब करून सांगेल का? खरंच हवंय.