किलोमीटरची वही

चेन्नईहून कामासाठी श्रीपेरुंबुदुरच्या कारखान्यांपर्यंत दुचाकीने जायचे, तर अंतर सुमारे 40 किलोमीटर, जाऊन-येऊन 80. गाडी लिटरला 40 किलोमीटर धावली आणि पेट्रोल 100 रुपये धरले, तर एका फेरीचे 200 रुपये. अशा पाच फेऱ्या लिहायच्या राहिल्या, की घरखर्चातले 1000 रुपये गेलेच!

नुसती पेट्रोलची पावती पुरत नाही. त्यातले कामाचे किती नि घरचे किती, हे तिच्यावर लिहिलेले नसते. आयकराच्या 1962 च्या नियमांतही कार्यालयीन प्रवासाच्या तपशिलात तारीख, ठिकाण, अंतर आणि खर्च या बाबी सांगितल्या होत्या. निघताना नि परतल्यावर मीटरचा आकडाही त्याच दिवशी वहीत उतरवावा. मुलांना शाळेत सोडल्याचे किलोमीटर मात्र वगळावेत. हिशेब चोख असला, की हक्काचे पैसे मागताना संकोच वाटत नाही.