पावसाळा आणि चिखल्या

आषाढ लागला कीं आमच्या घरांत दोन गोष्टी हमखास येतात: ओसरीवर ओल्या छत्र्यांची रांग, आणि पायाच्या बोटांमध्यें चिखल्या. पहिलीविषयीं रोज कुरकुर चालते. दुसरीविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. बोटांच्या बेचक्यांतलें दुखणें चारचौघांत काय सांगावयाचें, असा संकोच असतो. हा संकोच गेल्या वर्षीं माझ्या धाकट्या बंधूस चांगलाच भोंवला.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, क्षुद्ररोगांच्या प्रकरणीं, या व्याधीस ‘अलस’ म्हटलें आहे. दूषित चिखलाच्या स्पर्शानें बोटांमधील जागा ओली राहते व तेथें कंडू, दाह आणि वेदना होतात, हें तेथील वर्णन चोख आहे. अलस म्हणजे आळशी असाही अर्थ होतो. पाय पुसण्याचा आळस हेंच रोगाचें अर्धें कारण असल्यामुळें हा श्लेष मला मोठा गमतीचा वाटतो.

चिखल मात्र केवळ निमित्त होय. मूळ कारण बहुधा एक सूक्ष्म बुरशी असते. त्वचेचा वरचा थर व नखें ज्या केराटिन नांवाच्या द्रव्याचीं बनलेलीं असतात, त्यावर ती जगते. ओल आणि ऊब मिळाली कीं फोंफावते. म्हणून दिवसभर बूट-मोजे घालून कचेरींत बसणारासही ती सोडीत नाहीं. करंगळीलगतचें बेचकें सर्वांत अरुंद. तेथें त्वचा पांढरी पडते, सोलते व भेगा पडतात.

बंधूस मधुमेह आहे. खाज सुटली तेव्हां त्यांनीं कोणास न विचारतां दुकानांतून मलमाची नळी आणली. चार दिवसांत खाज थांबली, मलमही थांबलें. पंधरा दिवसांनीं पुन्हां तेंच. असें तीन महिने चाललें. त्या नळींत बुरशीनाशकाबरोबर स्टिरॉइडही होतें. स्टिरॉइडानें लाली व खाज दबते, बुरशी मात्र आंतल्या आंत पसरते. अखेर एका भेगेंतून जंतू शिरले, पाय घोट्याच्या वरपर्यंत लाल होऊन सुजला, ताप भरला, आणि सहा दिवस रुग्णालयांत शिरेवाटे औषध घ्यावें लागलें.

तेव्हां नळीवरील बारीक अक्षरें चष्मा लावून वाचावीं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असें नांव दिसल्यास ती परत करावी. १ टक्का क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिन एवढेंच असलेलें साधें मलम साध्या चिखल्यांस पुरतें. पण खाज थांबली तरी मुदत पुरी करावी. क्लोट्रिमाझोलास बहुधा चार आठवडे लागतात. आमच्या मातोश्री मेंदी लावीत, त्यानें थंडावा वाटे. भेग पडलेल्या जागीं मात्र चुना, लिंबू असले प्रयोग नकोत. मधुमेह असणारांनीं तर पहिल्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

बंधू घरीं आल्यावर आमच्या सूनबाईंनीं एक प्रश्न केला: “मामंजी, मलम एकाच्या पायाला आणि पायपुसणें अकरा जणांचें, मग रोग जाणार कोठें?” मजपाशीं उत्तर नव्हतें. त्या दिवसापासून न्हाणीघरापुढचें तें सार्वजनिक पायपुसणें गेलें. प्रत्येकास पायांसाठीं निराळा पंचा आला. तो अंगास लावावयाचा नाहीं, कारण हीच बुरशी जांघेंत गेली कीं तिला गजकर्ण म्हणतात. मोजे रोज धुवावयाचे. ऊन नसेल तर इस्त्रीनें पुरते कोरडे करावयाचे. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावयाचे.

अडचण माझीच झाली. ओल्या पायांनीं पूजेस बसण्याची चाळीस वर्षांची संवय. पुसलें तर सोंवळें मोडेल, असा माझा हट्ट होता. सूनबाईंनीं सोंवळ्यांत वाळविलेला एक लहान पंचा देवघराच्या खुंटीवर टांगून ठेविला, आणि वाद तेथेंच संपला. बंधूंचा पाय आतां बरा आहे. अंगठ्याचें नख तेवढें अजून पिवळें व जाड असल्यामुळें डॉक्टरांनीं त्याचा तुकडा तपासणीस पाठविला आहे.