मुलांचे मंडळ आणि कपाटाची किल्ली

गेल्या नाताळात मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन आमच्या भेटीस आला. मुलगा बाहेरगावी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. सणाच्या शुभेच्छा झाल्या, फराळ झाला. तरी बापाचा चेहरा काही उजळेना. शेवटी त्याने मनातले बोलून टाकले.

“फादर, ह्याला आता तुम्हीच समजवा. सोसायटीचे कर्ज काढून ह्याला शिकायला पाठवला. गेल्या परीक्षेत ह्याचे दोन विषय राहिले. आणि हे महाशय तिकडे कसल्याशा उजेडाच्या मंडळाचे अध्यक्ष होऊन बसले आहेत!”

मुलगा मान खाली घालून उभा होता. खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्ही बापाच्याच बाजूचे होतो. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभे राहून ज्याने फी भरली, त्याला दोन विषय राहिल्याचे दुःख होणारच. आम्ही मुलास चार शब्द सुनावले आणि मग, न्यायाची गोष्ट म्हणून, विचारले, “बाळ, हे मंडळ तरी कसले आहे?”

त्याने जे सांगितले ते आमच्या वाचकांसही कळावे, म्हणून येथे देत आहोत. प्रकाशशास्त्र म्हणजे उजेडाचे शास्त्र: भिंगे, आरसे, चष्मे, दुर्बिणी, लेझर आणि काचेच्या तंतूंतून जाणारे संदेश. ह्या शास्त्राच्या अभ्यासकांची एक संस्था १९१६ साली अमेरिकेत स्थापन झाली. २०२१ पासून ती ‘ऑप्टिका’ ह्या नावाने ओळखली जाते. १९५५ साली ‘एसपीआयई’ ही दुसरी संस्था निघाली. ह्या दोन्ही संस्थांच्या विद्यार्थी-शाखा जगभरच्या विद्यापीठांत आहेत, आपल्या देशातही आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्यातूनच अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार निवडावेत, एखाद्या प्राध्यापकांनी सल्लागार व्हावे, वर्षभर प्रयोग, व्याख्याने व शाळांना भेटी असे कार्यक्रम करावेत आणि वर्षअखेर केलेल्या कामाचा अहवाल द्यावा, अशी ही रीत आहे. काही महाविद्यालयांत अशाच धर्तीवर स्वतंत्र मंडळे चालतात. आमच्या ह्या मुलाचे मंडळ त्यांपैकीच एक.

“मग अडचण काय?” आम्ही विचारले.

“फादर, आधीचे अध्यक्ष मे महिन्यात पदवी घेऊन गेले. फार हुशार होते. सगळे तेच करायचे. ते गेले आणि मंडळाच्या कपाटाची किल्लीही कोठे गेली ते कोणास ठाऊक नाही. वहीत एकतीस नावे आहेत. सभेला पाच जण येतात. शेवटी कुलूप तोडले. आत भिंगे होती, दोन लेझर होते आणि अर्धवट घासलेला एक सहा इंची आरसा होता. त्याचे किती काम झाले, पुढे काय करायचे, ह्याची एक ओळ कोणी लिहून ठेवलेली नाही.”

हे ऐकून आम्हांस आमचे सेमिनरीतील दिवस आठवले आणि, वाचकहो, थोडी लाजही वाटली. आम्हीही तेथे एक हस्तलिखित मासिक काढीत असू. संपादक आम्ही, अक्षर आमचे, चित्रे चिकटवणारेही आम्हीच. तीन वर्षे त्याचा मोठा बोलबाला झाला. आम्ही तेथून निघालो आणि पुढच्याच वर्षी ते बंद पडले. तेव्हा आमची समजूत अशी, की मागून आलेली मुले आळशी होती. आज कळते की दोष आमचाच होता. आम्ही मासिक चालवले. मासिक चालवणारी माणसे तयार केली नाहीत.

विद्यार्थ्यांच्या मंडळाचे हेच खरे दुखणे आहे. गावातील भजनीमंडळात वा सोसायटीत तीच माणसे वीस-वीस वर्षे असतात. विद्यापीठातील मंडळात दर वर्षी घरचा कर्ताच घर सोडून जातो. जे काम एका वर्षात संपते ते कसेही निभावते. परंतु मोठे काम चार वर्षांत संपत नाही. मग ते होते तरी कसे?

पुण्याच्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे उदाहरण घ्या. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यांनी २००८ साली स्वतःच्या हातांनी उपग्रह बांधण्याचे मनावर घेतले. त्याचे नाव ‘स्वयम्’. दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, वजन किलोभर. अवकाशात तो भरकटू नये म्हणून त्यात लोहचुंबक बसवले होते, की होकायंत्राच्या सुईप्रमाणे त्याने पृथ्वीच्या चुंबकत्वाशी आपले तोंड जुळवून घ्यावे. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून एकाच अग्निबाणाने वीस उपग्रह वर नेले, त्यांत हा एक होता. आता हिशेब पाहा: शिक्षण चार वर्षांचे, काम आठ वर्षांचे. ज्यांनी पहिली रेघ ओढली ते उड्डाणाच्या दिवशी विद्यार्थी उरले नव्हते. मुंबईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा उपग्रह तर २००७ साली हाती घेतला गेला आणि २६ सप्टेंबर २०१६ रोजी वर गेला. ही कामे तडीस गेली, ती एका तुकडीने दुसरीच्या हाती काम सोपवले म्हणून. हुशार मुले पुष्कळ ठिकाणी असतात, सोपवणारी थोडी.

जुन्या काळचेही एक उदाहरण आहे. उजेड अगदी बारीक फटीतून वा वस्तूच्या कडेवरून जाताना सरळ न जाता किंचित पसरतो, हे इटलीतील बोलोन्या येथील येशूसंघी धर्मगुरू फ्रान्चेस्को ग्रिमाल्दी ह्यांनी प्रथम काळजीपूर्वक तपासून लिहिले. ते १६६३ साली वारले आणि त्यांचा ग्रंथ १६६५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आपले निरीक्षण केवळ डोक्यात ठेवले असते, तर ते त्यांच्याबरोबरच मातीत गेले असते.

आम्ही मुलास विचारले, “त्या अर्धवट आरशाचे एवढे काय?” तेव्हा प्रथमच त्याचा चेहरा खुलला. दुर्बिणीचा आरसा घरी बनवता येतो. काचेच्या दोन जाड तबकड्या घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालायचे आणि वरची तबकडी खालचीवर पुढेमागे घाशीत राहायची. काही दिवसांनी वरची खोलगट होते व खालची फुगीर. पुढे पूड बारीक बारीक करीत न्यायची आणि शेवटी डांबरासारख्या चिकट थरावर झिलई द्यायची. आरशाच्या पृष्ठावरील चूक उजेडाच्या लहरीच्या आठव्या हिश्श्याहून अधिक चालत नाही. आणि हिरव्या उजेडाची लहर म्हणजे मिलिमीटरचा सुमारे अठराशेवा भाग! एवढी चूक मोजायची कशी? त्यासाठी फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ साली शोधलेली युक्ती आहे: एक बारीक दिवा आणि दाढीचे पाते. आरशावरून परतणाऱ्या उजेडात पाते हलके सरकवले, की काचेवरील उंचसखल भाग डोंगरदऱ्यांसारखे डोळ्यांना दिसू लागतात. आपल्या हाताची चूक आपल्याच डोळ्यांनी पाहून पुन्हा घासायला बसणे, ह्याहून चांगले शिक्षण आम्हांस तरी ठाऊक नाही. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी १९४४ पासून चालत आलेली हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था पाहिली, म्हणजे हौस आणि चिकाटी एकत्र नांदू शकतात ह्याची खात्री पटते.

बाप मात्र गप्पच होता. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या पडवीत मुलाने धर्मग्रामातील पोरांना गोळा केले. प्लास्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडले, पाण्याची धार वाकून बादलीत पडू लागली, आणि बाटलीच्या मागून त्याने लेझरचा किरण सोडला. किरण धारेबरोबर वाकला आणि बादलीत लाल ठिपका नाचू लागला! पोरांनी एकच गिल्ला केला. मुलाने समजावले, की उजेड पाण्यातून तिरपा बाहेर पडू पाहतो, परंतु फार तिरपा पडला की आतल्या आत परततो. काचेच्या तंतूत हेच घडते. आपल्या सडकेच्या कडेने चर खणून जी काळी नळी पुरलेली दिसते, तिच्यात असेच केसासारखे तंतू असतात. अशा तंतूतून संदेश फार दूर पाठवता येतील, हे चार्ल्स काओ ह्यांनी १९६६ साली दाखवले व २००९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. हे सांगण्याआधी त्याने पोरांना एक ताकीद दिली, ती आम्हीही येथे देतो: लेझर कोणाच्याही डोळ्यांवर कधीही रोखू नये. बाजारात मिळणारे स्वस्त लेझर चिठ्ठीवर लिहिल्यापेक्षा अधिक प्रखर असू शकतात.

त्या पोरांच्या मागे मुलाची आजी बसली होती. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि दुसऱ्या डोळ्याने बऱ्यापैकी दिसते. दोनदा शस्त्रक्रियेची तारीख ठरली आणि दोनदा ती घरीच राहिली. “डोळा काढून घेतात,” असे तिला कोणी सांगितले होते. आम्हीही समजावून थकलो होतो. मुलाने एक भिंग घेतले आणि समोरच्या खिडकीचे चित्र भिंतीवर पाडले. “आजी, तुझ्या डोळ्यात असेच एक भिंग आहे.” मग त्याने भिंगाला तुपाचे बोट लावले. खिडकी धुरकटली. “हा तुझा मोतीबिंदू.” मग ते भिंग बाजूला ठेवून दुसरे स्वच्छ भिंग धरले. खिडकी पुन्हा लख्ख झाली. “डॉक्टर एवढेच करतात. डोळा तुझाच राहतो.”

आजीने त्याला ते तीनदा करावयास लावले. त्याने हेही सांगितले, की डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याचे काम रिडले नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९४९ साली लंडनमध्ये प्रथम केले. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे गेले होते, तरी डोळ्यांनी ते सोसले, हे त्यांनी पाहिले होते. आजीला रिडले कळले नाहीत, परंतु तूप कळले. फेब्रुवारीत तिची शस्त्रक्रिया झाली. आज घरच्या चिन्नोर तांदळातील खडे तीच निवडते.

संध्याकाळी बाप आमच्याकडे एकटाच आला व म्हणाला, “फादर, हे त्याला मंडळात शिकवले काय?” आम्ही म्हणालो, “होय. परंतु दोन विषय राहिले हेही खरे.” मग आम्ही तिघांनी बसून करार केला. मंडळाचे काम आठवड्यातून दोन संध्याकाळी. परीक्षेआधी महिनाभर मुळीच नाही. खर्चासाठी घरून पैसा मागावयाचा नाही. आणि अध्यक्षपद एकच वर्ष.

मंडळासाठी आम्ही त्यास जे सांगितले ते आमच्या फसलेल्या मासिकाच्या अनुभवावरून. पहिले, प्रत्येक कामावर दोघे असावेत, एक वरच्या वर्गाचा व एक खालच्या. वरच्याने करून दाखवावे, खालच्याने हात चालवावा. दुसरे, केलेले काम त्याच दिवशी वहीत लिहावे, चुकले तेही लिहावे. तिसरे, पैशाचा हिशेब दर महिन्यास सर्वांपुढे वाचावा, मग तो पन्नास रुपयांचा का असेना; मंडळे भांडणाने मोडतात आणि भांडणे बहुधा न दाखवलेल्या हिशेबाने होतात. चौथे, नवा अध्यक्ष परीक्षेनंतर नव्हे, परीक्षेच्या पुष्कळ आधी निवडावा, म्हणजे जुना जवळ असतानाच नव्याच्या चुका होतील. आणि पाचवे, कपाटाला दोन किल्ल्या असाव्यात.

पावसाळ्याच्या तोंडाशी मुलाचा फोन आला. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटला, एक अजून आहे. बाप त्यावर पूर्ण प्रसन्न नाही, आणि तसे असण्याचा त्याला अधिकार आहे. मंडळात आता चौदा जण नेमाने येतात. आरसा पुन्हा घासावयास घेतला आहे. मुलाच्या मते तो त्याच्या पदवीपूर्वी पुरा होणार नाही. “पण वही आहे, फादर,” तो म्हणाला. एक किल्ली सल्लागार प्राध्यापकांकडे आहे, दुसरी दुसऱ्या वर्षातील एका मुलीकडे.

आमच्या पालक वाचकांस एकच विनंती. दिवाळीच्या वा नाताळच्या सुटीत मुले घरी येतील, तेव्हा गुण किती पडले ते अवश्य विचारा. तो तुमचा हक्क आहे. परंतु त्यानंतर, जेवण झाल्यावर, हेही विचारा, की तिकडे तू चार जणांबरोबर काय करतोस, आणि ते आम्हांस करून दाखवशील काय? मुलास दाखवता आले, तर त्याला ते खरोखर आले आहे असे समजा.