हिरवीगार ज्वारी जनावरांच्या जिवावर का उठते?

पावसाने ओढ दिली की ज्वारी खुरटते. मग एखादी सर येते, कोवळे फुटवे निघतात आणि त्यावर चरलेली गाय काही मिनिटांत कोसळू शकते. कारण ज्वारीतलं धुरिन. पान चघळलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं.

हा धोका आधी तपासता येतो. ताजी पानं ठेचून बाटलीत घालायची, वर पिक्रेटचा पिवळा कागद टांगायचा. कागद विटकरी झाला तर सावध! नेमका आकडा प्रयोगशाळा देते: किलोभर ओल्या चाऱ्यात साधारण २०० मिलिग्रॅमहून जास्त सायनाइड निघालं, तर तो चारा घालू नये. गोम वेगळीच आहे. नमुना वाटेत सुकला तर वायू उडून जातो आणि अहवाल खोटा दिलासा देतो. शिवाय एकाच कोपऱ्यातली पानं पुरत नाहीत. खोडव्याचे फुटवे वेगळे तपासावे लागतात.