हो म्हणण्याआधी



गेल्या ईदनंतरची गोष्ट. असरची नमाज होऊन आम्ही चहा ठेवत होतो, तेवढ्यात दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरचे भाईजान आणि भाभी. भाईजानच्या हातात निळा प्लास्टिकचा टब, त्यावर जुनी चाळण उपडी घातलेली.

"मॅडम, आमचं दोहाचं नक्की झालं. पुढच्या महिन्यात निघायचं. फ्लॅट भाड्याने देतोय. सगळ्याची सोय लागली, ह्या दोघांचीच राहिली."

चाळण उचलली. आत बोटभर पाण्यात दोन कासवं. एक ताटलीएवढं, आठेक इंचाचं, दुसरं त्याच्यापेक्षा लहान. डोळ्यांच्या मागे लाल पट्टा. सहा वर्षांपूर्वी मुलाच्या वाढदिवसाला मुंबईहून आणली, तेव्हा रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी होती म्हणे. दुकानदाराने सांगितलं होतं, एवढीच राहतात.

"तुमच्या मुलीला जनावरांचा लळा आहे. तुमच्याकडेच राहू द्या," भाभी म्हणाल्या. भाईजान म्हणाले, "नाहीतर मग कृष्णेत सोडून देतो. पाण्याचा जीव पाण्यात गेला, तेवढाच सवाब."

आठवीतली आमची लेक तोवर टबाजवळ बसलीसुद्धा होती. तिने वर पाहिलं. त्या नजरेला नाही म्हणणं अवघड असतं. तरीही आम्ही म्हणालो, आठ दिवस द्या, मग सांगतो. भाभींना ते लागलं असावं. मुक्या जिवाला आसरा द्यायला विचार कसला करायचा, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

विचार का करायचा, ते वाचक भगिनी-बंधूंना आज मोकळेपणाने सांगतो. कारण आम्ही एकदा विचार न करता हो म्हटलं होतं.

बारा-तेरा वर्षं झाली. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी असंच एक कासव नकोसं झालं. आम्ही शिकवतो उर्दू आणि मराठी, प्राण्यांबद्दल ठाऊक काहीच नव्हतं. पण सगळ्या वर्गासमोर मुलाने विचारलं आणि सगळ्या वर्गासमोर आम्ही हो म्हणालो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कासव वर्गाच्या कोपऱ्यात काचेच्या पेटीत राहिलं. मुलं डब्यातली चपाती घालायची, कोणी मुरमुरे घालायचं. खिडकीतून ऊन येतं, तेवढं पुरे, असं आम्हाला वाटायचं. पुढे त्याची पाठ मऊ पडली, डोळे सुजले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही किल्ली शिपाईमामांकडे दिली आणि मामाच्या गावी गेलो. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पेटी धुऊन उलटी ठेवलेली होती. मुलांनी विचारलं, कासव कुठे गेलं? आम्ही सांगितलं, त्याला चांगल्या जागी ठेवलंय. मुलांशी आम्ही खोटं बोललो, ते आजही सलतं.

दोष मामांचा नव्हता. सांभाळतो असं आम्ही म्हटलं होतं आणि काय सांभाळायचं तेच आम्हाला माहीत नव्हतं.

म्हणून यावेळी आधी माहिती घेतली. मिरजेला ओळखीचे जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे लेकीला घेऊन गेलो. त्यांनी सांगितलं ते असं. हे लाल कानाचं कासव, बाजारात याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं सहज जगतं. मादी दहा-बारा इंचांपर्यंत वाढते. पाणी किती लागतं? पाठीच्या दर इंचाला साधारण ४० लिटर, म्हणजे आठ इंचांच्या मादीला ३०० लिटरच्या पुढे. शिवाय पाण्याबाहेर येऊन अंग सुकवायला कोरडी, उबदार जागा हवी. ऊन थेट अंगावर पडायला हवं, कारण ज्या अतिनील किरणांमुळे त्याच्या अंगात जीवनसत्त्व ड तयार होतं आणि कवच टणक राहतं, ते काच अडवते. खिडकीतलं ऊन दिसायला ऊन असतं, कासवाच्या कामाचं नसतं. ऊन नसेल तर त्या किरणांचा खास दिवा लागतो, आणि तो पेटत असला तरी सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो, कारण उजेड राहतो पण किरणं कमी होतात.

हे ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर वर्गातली ती खिडकी होती.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोण कोण आहे?" अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, ७६ वर्षांच्या, रोज इन्सुलिन घेतात. नणंद बाळंतपणापासून इथेच आहे, तिचं बाळ दहा महिन्यांचं, रांगतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. डॉक्टरांनी मान हलवली. अशा कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासव ठणठणीत दिसतं, पण त्याचं पाणी, टब, त्याला लावलेला हात यांतून ते माणसाला लागतात आणि जुलाब, ताप येतो. धडधाकट माणूस त्यातून उठतो. पाच वर्षांखालचं मूल, म्हातारं माणूस, ज्याची ताकद आजाराने कमी झालीय असा रुग्ण, यांच्यावर ते उलटू शकतं. याच कारणासाठी अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली.

आमच्या घरात मोरी एकच. तिथेच भांडी, तिथेच अम्मींचं वजू. कासवांचं घाण पाणी तिथेच ओतावं लागलं असतं. घरी येताना लेक बसमध्ये गप्प होती. स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "म्हणजे आपण नाही म्हणणार."

"हो. आपल्या घरात नाही."

"आणि नदीत?"

नदीचंही डॉक्टरांना विचारलं होतं. हे कासव खादाड आणि चिवट. परक्या पाण्यात तगलं तर ऊन खायची जागा आणि खाणं यांवरून तिथल्या कासवांशी झुंजतं, आणि दुकानातून आणलेले आजार त्यांना देतं. निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या संस्थेने जगातल्या सर्वांत घातक १०० आगंतुक जातींची यादी केली, त्यात याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये याची आयात थांबवली. आपल्या कृष्णेत आपली मऊ पाठीची कासवं आहेत. परक्याला सोडून आपण सवाब मागायचा आणि त्याची किंमत त्यांनी मोजायची, हे कसं चालेल?

मांजर बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. तिने मांजराला खायला दिलं नाही, आणि सोडलंही नाही की ते आपलं आपण काही शोधून खाईल. प्रेषितांनी (स.) तिच्या शिक्षेची खबर दिली. आम्ही ही गोष्ट मुलांना कितीदा सांगितली असेल. पण त्या आठवड्यात ती वेगळी ऐकू आली. मांजरापुढे दोन वाटा होत्या, एक तरी तिने द्यायला हवी होती. या कासवांना आपण माणसांनी समुद्रापलीकडून आणलं आणि सोडून देण्याची वाट स्वतःच बंद करून टाकली. आता उरते ती एकच, नीट सांभाळण्याची. ती आपल्याला जमत नसेल तर ज्याला जमेल असा माणूस शोधायचा. तोवर आपली सुटका नाही.

लेकीने हेच साध्या शब्दांत विचारलं, "आपण नाही, नदी नाही, मग ती जाणार कुठे?"

मग शोध सुरू झाला. दोन ठिकाणी फोन केले, दोन्हीकडे अशी कासवं आधीच इतकी आलेली की जागा नव्हती. ओळखीतले तिघे लगेच हो म्हणाले. त्या तिघांनाही आम्ही नाही म्हटलं, कारण एकानेही काही विचारलं नाही. आम्हाला स्वतःचा तो वर्ग आठवला.

शेवटी लेकीच्या मामूंना फोन केला. गावाकडे त्यांचं घर, मागे अंगण, म्हशी होत्या तेव्हाचा सिमेंटचा हौद कोरडा पडलेला. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा, घरात आजारी कोणी नाही. आम्ही सगळं सांगितलं. वास, घाण, पाणी बदलणं, हात साबणाने धुणं, काहीही लपवलं नाही. मामूंनी पहिला प्रश्न विचारला, "आपा, किती वर्षं?"

"अजून वीस तरी धरा."

फोनवर थोडा वेळ शांतता. "मी तेव्हा साठीला आलेला असेन. मुलाला विचारावं लागेल, पुढे त्यालाच बघायचंय. दोन दिवस द्या."

दोन दिवस मागणारा माणूस भेटला, तेव्हाच आमचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या दिवशी त्यांचा होकार आला.

मग भाईजानकडे गेलो. कासवं आम्ही घेत नाही, पण जागा सापडलीय, हे सांगितलं. आणि हेही सांगितलं, की हौदाची डागडुजी, चढून बसायला दगडी उतार, कावळ्या-कुत्र्यांपासून आणि पावसात हौद भरला तर बाहेर पडण्यापासून वरून जाळी, हा खर्च तुमचा. भाईजान क्षणभर अवघडले. मग म्हणाले, "रास्त आहे. सहा वर्षं माझी होती." जायच्या आधीच्या रविवारी ते स्वतः मुलाला घेऊन गावी आले आणि जाळीच्या तारा ओढायला हात लावला. लहान कासवाची पुढची नखं लांब, म्हणजे तो नर. नर मादीला सारखा सतावतो, म्हणून हौदाच्या मध्ये आडभिंत घातली. पिल्लं तर अजिबात नकोत, नकोशी कासवं आधीच पुरेशी आहेत. अर्धा हौद उन्हात, अर्धा सावलीत. खायला कासवांचं तयार खाद्य आणि पालेभाजी. चपाती बंद.

ही बातमी मोहल्ल्यात पसरली आणि एक गृहस्थ खोक्यातून दुसरंच कासव घेऊन आले. पाठीवर पिवळ्या चांदण्या. घरात बरकत राहते म्हणून कोणी दिलेलं. हे आपल्याच देशाचं स्टार कासव. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची १ मध्ये आहे. ते घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे आणि कैदेची शिक्षा होऊ शकते. आम्ही खोक्याला हात न लावता त्यांना वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन दिली. ते रागावून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला, वन विभागाची माणसं येऊन घेऊन गेली म्हणून. बरकत कवचात नसते, हलाल मार्गाने मिळवलेल्या आणि सांभाळलेल्या गोष्टीत असते, हे त्या बुजुर्गांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. आपल्या किती घरांत पिंजऱ्यात मिठू आहे, हेही जाता जाता आठवावं. आपल्याकडचे रानपोपट पाळायलाही कायद्याने मनाई आहे.

तेव्हा कोणी असा जीव तुमच्या दारी आणला, तर आधी चार गोष्टी बघा. हा ठेवणं कायद्यात बसतं का? इग्वाना, बॉल पायथन अशा परदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी करावी लागते, कागद नसतील तर हातात घेऊ नका. दुसरं, तो आज केवढा आहे हे बघू नका, वाढून केवढा होणार ते विचारा आणि तेवढी जागा, ऊन, पाणी मोजा. तिसरं, घरात तान्हं बाळ, म्हातारं माणूस, रुग्ण आहे का? चौथं, आपल्यानंतर कोण? या चारांत एक जरी उत्तर अडलं, तर नाही म्हणा. लाजू नका. मात्र नाही म्हणून दार लावून घेऊ नका. पुढचा पत्ता शोधून द्या, निदान नदी तरी टाळा.

लेक महिन्याच्या पहिल्या रविवारी मामूंकडे जाते. हौद घासते, कोपरापर्यंत साबण लावून हात धुते आणि मगच बाळाला घेते. मादी आता तिला बघून दगडावरून पाण्यात उडी मारत नाही, बसून राहते. यंदा उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आम्ही आमच्या वर्गाला त्या काचेच्या पेटीची गोष्ट सांगितली, या वेळी खरी. एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, तुम्ही माफी कोणाकडे मागितली?" आम्ही म्हणालो, अल्लाहकडे. आणि आज तुमच्याकडे.

अल्लाह आपल्याला पेलवेल तेवढीच अमानत उचलण्याची आणि उचललेली शेवटपर्यंत निभावण्याची तौफिक देवो. आमीन.