आधी खटका, मग पिन

आमच्या मजल्यावर हिवाळ्यात रोज सकाळी सहा वाजता एक प्रयोग चालतो. साहित्य : एक बादली, एक हीटरची कॉइल, दोन आगकाड्या. कृती : कॉइलच्या वायरची दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये घालावीत व आगकाड्या ठोकून घट्ट करावीत. तिसरी हिरवी वायर मागे दुमडून टेप लावावी. निष्कर्ष : पाणी गरम. कधीकधी बोर्डही गरम!

गेल्या हिवाळ्यात आमच्या खोलीतला बोर्ड गरम होऊन थांबला नाही, वितळला. कॉइल जप्त झाली, दंड झाला, विषय संपला. मला मात्र तो संपला असं वाटत नाही. कारण कॉइल शाबूत होती, वायरही शाबूत होती. जळाला तो फक्त जोड.

सर्किट काढताना आपण जोड म्हणून एक ठिपका देतो आणि त्याचा रोध शून्य धरतो. खऱ्या सॉकेटमध्ये तो ठिपका सापडत नाही. 1500 वॉटची कॉइल 230 व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेते. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम धरा आणि करंटचा वर्ग गुणिले रोध करा. उत्तर येतं 21 वॉट. लॅबमधलं साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं. म्हणजे सॉकेटच्या आत एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून आपण दात घासायला जातो. आणि एमसीबी? ती पडत नाही. करंट वाढलेलाच नसतो, ती बिचारी कशाला पडेल?

मी गव्हाणचा. पनवेलहून उरणकडे जाताना गव्हाण फाटा लागतो ना, तेच. न्हावाशेवा बंदर 1989 साली सुरू झालं आणि आमच्याकडे घरटी कोणी ना कोणी कंटेनरच्या कामाला लागलं. माझे काका यार्डात रीफर कंटेनरना लाईट जोडायचे. रीफर म्हणजे चाकावरचा फ्रिज. नाशिकची द्राक्षं त्यातूनच परदेशी जातात, शून्य अंशाच्या आसपास. प्लग नीट लागला नाही तर शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक यार्डातच सडणार.

लहानपणी काकांनी मला तो प्लग दाखवला होता. चांगला मनगटाएवढा. चार पिना : तीन फेज, एक अर्थ. 32 अँपिअर, चारशेच्या घरातले व्होल्ट. अर्थची पिन बाकीच्यांपेक्षा जाड, आणि सॉकेटमध्ये तिची जागा घड्याळात तीन वाजतात तिथे. वेगळ्या व्होल्टेजच्या सॉकेटमध्ये ती जागा वेगळी, त्यामुळे चुकीचा प्लग बसतच नाही. हाच प्लग जहाजावर, हाच रॉटरडॅमला. काकांचं एकच वाक्य असायचं, "आधी खटका, मंग पिन." चालू लोडवर प्लग ओढला तर ठिणगी पडते, पिना करपतात आणि पुढच्या वेळी तोच जोड तापतो. खाडीची खारी हवा आधीच पितळ खात असते, म्हणून लावण्याआधी पिना बघायच्या, हिरव्या-काळ्या दिसल्या तर लावायचंच नाही. काका फारसे शिकलेले नव्हते.

आणि आपण? आपल्या कॉइलचा पिन टॉप तुटलेला नव्हता, आम्हीच तो कापला होता. तो 16 अँपिअरचा, खोलीतलं सॉकेट 6 अँपिअरचं. बसेना, म्हणून कापला! पण तो बसत नव्हता म्हणजेच त्याचं काम चोख करत होता. न बसणं हेही कनेक्टरचं कामच आहे. अर्थची पिन लांब असते ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून, जाड असते ती फेजच्या भोकात जाऊ नये म्हणून. व्हायव्हाला हे आपण धडाधड सांगतो आणि रूमवर येऊन त्याच भोकात पेन खुपसून शटर उघडतो. हिरवी वायर दुमडली की कॉइलचं लीकेज जायला वाट उरते एकच : पाणी तापलं का म्हणून बोट घालून बघणारा.

आता थोडं स्टाफसाठीही. सर, जप्तीने कॉइल जाते, थंड पाणी जात नाही. पुढच्या महिन्यात नवी कॉइल येते आणि ती अधिक लपवून, म्हणजे अधिक वाईट जोडावर चालते. प्रत्येक मजल्यावर एक गिझर, त्याला नीट अर्थिंग, 16 अँपिअरचा पॉइंट आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी एवढं मिळालं तर खोलीत कॉइल लावायची कुणाला हौस नाही. सैल झालेली सॉकेटं दर सत्राआधी बदलावीत. तपासायला बाहेरचा माणूस नको, इलेक्ट्रिकलची पोरं एका रविवारी सगळं हॉस्टेल तपासून देतील. सबमिशनपेक्षा बरं शिकतीलही.

आणि मित्रांनो, तोपर्यंत आगकाड्या उदबत्तीसाठी ठेवा. आमच्या भिंतीवरचा काळा डाग बघायला या कधीही. रंग लावू द्यायचा नाही असं आम्ही पार्टनरांनी ठरवलंय.